जिवंतांचा मृत्युविधि

दहा आज्ञांपैकीं मनुष्यहत्येचा निषेध करणारी आज्ञा आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ असते, आणि आपण ती कधींच मोडली नाहीं अशी प्रत्येकाची खात्रीही असते. आमचीही होती.

पुष्कळ वर्षांपूर्वीं, आम्ही दुसऱ्या गांवीं शिकवीत असतां, वर्गांतील एका मुलाच्या दंडावर फिकट, बधिर चट्टा आढळला. डॉक्टरांनीं कुष्ठरोगाचें निदान केलें. दुसऱ्याच दिवशीं एका पालकांची चिठ्ठी आली कीं, आमच्या मुलाची जागा बदलावी. आम्ही त्यांच्या मुलाची जागा बदलली नाहीं, रोग्याची बदलली. त्याला खिडकीशेजारीं एकटें बसविलें आणि तेथें वारा चांगला येतो असें सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं.

या कृत्यास शास्त्राचा कांहींच आधार नव्हता. या रोगाचा जंतु नॉर्वेतील हान्सेन यांनीं १८७३ सालीं शोधून काढिला. बहुतेक मनुष्यांच्या शरीरांत त्याचा प्रतिकार करण्याची शक्ति उपजतच असते. बहुविध औषधोपचार सुरू झाल्यावर संसर्गाचें भय लौकरच नाहींसें होतें, सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यांत औषध फुकट मिळतें. रोगानें बोटें झडतात हा समजही वेलोर येथें काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनीं खोडून काढिला. संवेदना गेल्यामुळें भाजलेलें, कापलेलें कळत नाहीं, जखमा चिघळतात, आणि त्यांतून बोटें जातात. ज्याला स्वतःची वेदना कळत नाहीं त्याची काळजी शेजाऱ्यानेंच अधिक घ्यावयास नको काय?

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा म्हटला आहे. तेथें निरोगी आणि रोगी असा भेद नाहीं. मार्कच्या शुभवर्तमानांत प्रभूनें कुष्ठ्यास बरें करण्यापूर्वीं हात पुढें करून स्पर्श केला. केवळ शब्दानेंही काम झालें असतें. (शास्त्रांतील कुष्ठ म्हणजे नेमका हाच रोग असें विद्वान् मानीत नाहींत, पण स्पर्शाचा अर्थ त्यानें बदलत नाहीं.)

ख्रिस्ती मंडळीचा इतिहास मात्र सर्वस्वीं उजळ नाहीं. मध्ययुगीन युरोपांत कांहीं ठिकाणीं कुष्ठ्यास समाजाबाहेर काढतांना मृताचे विधि त्याच्या जिवंतपणींच करीत. त्याची हत्या कोणीं केली नव्हती. तो श्वास घेत होता, जेवीत होता. आमचें म्हणणें असें कीं, आज्ञा तेथेंच मोडली. आपल्या देशांतील विवाहविषयक कायद्यांत, ख्रिस्ती लोकांच्याही, हा रोग घटस्फोटाचें कारण होता; तें कलम २०१९ सालीं वगळण्यांत आलें. उलट वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालींच कुष्ठसेवा आरंभिली होती. ते ख्रिस्ती नव्हते, हें आम्ही वर्गांत मुद्दाम सांगतों.

कोणी म्हणेल, पालकांची भीति खोटी होती काय? भीति खरीच होती. म्हणूनच चिठ्ठी मिळतांच आम्हीं त्यांच्या घरीं जावयास हवें होतें. तिसऱ्या आठवड्यांत आम्ही गेलों, डॉक्टरांस शाळेंत बोलाविलें, आणि मुलास त्याच्या जुन्या जागीं परत बसविलें. औषध पुरें होऊन तो बरा झाला. परंतु वर्ष संपेपर्यंत बाकावरून उठतांना तो आपली जागा रुमालानें पुसून जात असे.