बुटका पाणघोडा कशाने गेला?

पाणघोडा म्हटले की दीड टनाचे धूड डोळ्यांसमोर येते. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर मात्र एके काळी जेमतेम १३० किलोचा बुटका पाणघोडा राहत होता. बेटावर अन्न मर्यादित असते, मोठे शिकारी प्राणी नसतात. अशा ठिकाणी हजारो पिढ्यांत मोठ्या प्राण्यांचा आकार घटत जातो. हा पाणघोडा सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी नामशेष झाला. त्याच सुमारास माणूस बेटावर पोहोचला होता.

बेटाच्या दक्षिण टोकाला अक्रोतिरी येथे, समुद्रकाठच्या कड्यातील एका आडोशात ॲलन सिमन्स यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस उत्खनन केले. दोन लाखांहून अधिक हाडे निघाली. किमान ५०० पाणघोड्यांची. बरीच हाडे जळालेली होती, जोडीला दगडी हत्यारे होती. सिमन्स यांच्या मते हा शिकारीचाच पुरावा. पण हाडांवर कापल्याच्या खुणा जवळपास नाहीत. त्यामुळे पाणघोडे आधीच मेले होते, माणसांनी नंतर तिथे आग पेटवली, असेही काही संशोधक म्हणतात.

हवामानाने मारले की माणसाने, हा वाद तेव्हापासून सुरू आहे. पण हा प्रश्नच अपुरा आहे. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टर एकच कारण लिहीत नाहीत. तत्काळ कारण न्यूमोनिया असेल, तर त्यामागचा अर्धांगवायू आणि जोडीचा मधुमेहही नोंदवावा लागतो. पाणघोड्याच्या दाखल्यावरही मर्यादित जागा, थोडी संख्या, बदलते हवामान आणि माणूस अशा अनेक ओळी भराव्या लागतील.

यातली माणसाची ओळ किती भारी? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय अभ्यासानुसार, तीन ते सात हजार माणसे हा पाणघोडा आणि बेटावरचा बुटका हत्ती एक हजार वर्षांच्या आत संपवू शकली असती. हे गणित आहे, डोळ्यांदेखतचा पुरावा नव्हे. तरीही त्यातून एक गोष्ट कळते: प्रजाती संपवायला कत्तल लागत नाही. पाणघोड्याची मादी एका वेळी एकच पिल्लू देते. जन्मापेक्षा मृत्यू दरवर्षी थोडेसे जास्त झाले तरी पुरते. शिकाऱ्याला आयुष्यभरात फरक जाणवलाही नसेल. तो क्रूर नव्हता, भुकेला होता. आणि त्याच्याकडे हिशेबाची वही नव्हती.

आपल्याकडे ती आहे. माळढोकाची मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य झाले, तरी तिथे तो आता क्वचितच दिसतो. उच्चदाबाच्या वीजतारांना धडकून माळढोक मरतात, तेव्हा ‘एखादाच तर पक्षी’ असे म्हणणे सोपे असते. सावकाश वाढणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत तो एखादाच महाग पडतो. सायप्रसच्या शिकाऱ्याला हे ठाऊक नव्हते. आपल्याला ती सबब नाही.