काचपेटीतले झिंगे आणि फवारणीचे हात



गेल्या पावसाळ्यात कपाशीवरच्या बोंडअळीची पाहणी करीत एका गावी गेलो होतो. दुपारी एका घरी चहाला थांबलो. ओसरीवर काचेची पेटी होती. दहावीतल्या मुलाने शहरातल्या मामाकडून दहा-बारा लाल झिंगे आणून त्यात सोडले होते. वर्षभरात त्यांचे पन्नासाच्या वर झाले होते. पण मी गेलो त्या दिवशी पोरगा तोंड पाडून बसला होता. सगळे झिंगे तळाशी मरून पडलेले. पाण्यातली वनस्पती मात्र हिरवीगार.

पोर हुशार. म्हणाला, "साहेब, पाणी खराब असतं तर वेलीपण सडल्या असत्या ना?"

मी विचारले, "काल पेटीत हात कुणी घातला होता?"

त्याचे वडील जरा चाचरले. "मीच. संध्याकाळी फवारून आलो होतो. एक वेल उपटून वर तरंगत होती, ती रोवून दिली. पण हात धुतले होते, साहेब."

"साबणानं, आप्पा?"

"नाही. नुसत्या पाण्यानं."

पाणी नवे घातले नव्हते, खाणे नेहमीचेच होते. एकेक कारण वगळत गेलो, तेव्हा हातच उरले. झिंगा आणि कीड ही दूरची भावंडे आहेत. दोघांचे पाय सांध्यांचे, दोघांच्या अंगावर कवच, दोघेही कात टाकणारे. म्हणून किडीचा जीव घेणारे औषध झिंग्यालाही सोडत नाही. त्यातून झिंगा चोवीस तास पाण्यातच, तेव्हा अगदी थोडी मात्राही त्याला पुरते. वनस्पतीला त्या औषधाचे सहसा काही होत नाही.

हा छंद आता खेड्यापाड्यांतही पोचला आहे. मुलांना निसर्ग शिकवायला तो फार चांगला. तेव्हा पेटी कशी सांभाळावी ते आज पाहू.

पेटी आधी पिकू द्या

दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच पेटीत सुमारे ५० लिटर पाणी बसते. सुरुवातीला एवढी पुरे. तळाला दोन बोटे जाड, स्वच्छ धुतलेली वाळू घाला. पाणी भरा, वनस्पती लावा आणि चार ते सहा आठवडे थांबा. घाई करणाऱ्याचे झिंगे पहिल्याच पंधरवड्यात मरतात.

कारण तुम्हाला शेतातून ठाऊक आहे. युरिया टाकला की जमिनीत त्याचा आधी अमोनिया होतो, मग जिवाणू त्याचे नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट करतात. पेटीतही तेच चालते. झिंग्यांची विष्ठा आणि उरलेले खाणे यांपासून अमोनिया होतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही झिंग्यांना विषच. ती पचवणारे जिवाणू वाळूवर, मुळांवर आणि गाळणीच्या स्पंजावर वाढायला महिना-दीड महिना लागतो. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजची गाळणी सर्वांत बरी. तिच्यात पिल्ले ओढली जात नाहीत. स्पंज पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या, साबण लावू नका.

वनस्पती हे पेटीतले पीक

हायड्रिला आणि लांब पट्टीसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया आपल्याकडच्या ओढ्या-तळ्यांत मिळतात. दोन्ही पाण्यातला नत्र खातात, म्हणजे पेटी साफ ठेवतात. पण ओढ्यातून आणलेली वेल थेट पेटीत टाकू नका. शेतातून वाहून आलेले औषध तिच्यावर असू शकते, आणि चतुराची पाण्यातली पिल्ले सोबत आली तर ती झिंगे खातात. दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा, पाणी बदलत राहा. दुकानातून आणलेल्या वेलीलाही हाच नियम.

उजेड दिवसाला सात-आठ तास पुरे. पेटीवर थेट ऊन पडले तर शेवाळ माजते आणि पाणी तापते. पेटीत डीएपी, युरिया टाकण्याचा मोह टाळा. झिंग्यांचे शेण हेच त्या पिकाचे खत.

झिंग्यांची निगा

हे लाल झिंगे मूळचे तैवान-चीनकडचे. रानात त्यांचा रंग मातकट. आपण चांगले कणीस बियाण्याला ठेवतो, तसे निवडून निवडून हा लाल वाण केला आहे. शेवाळ आणि कुजकी पाने हे त्यांचे मुख्य अन्न. देशी बदामाचे वाळलेले पान टाकले तर आठवडाभर कुरतडत बसतात. वरचे खाणे दोन-तीन तासांत संपेल एवढेच द्या. मासे सोबत ठेवू नका. ते पिल्ले गिळतात.

मादी पोटाखाली वीस-तीस अंडी घेऊन हिंडते आणि तीन-चार आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. पेटीत पारदर्शक, पोकळ कवच दिसले तर घाबरू नका. ती टाकलेली कात आहे. राहू द्या, त्यातला चुना झिंगेच खाऊन परत मिळवतात. मेलेला झिंगा मात्र अपारदर्शक, गुलाबीसर दिसतो. तो लगेच काढा.

आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदला. एकदम अर्धी पेटी उपसली तर झिंगे अवेळी कात टाकतात आणि त्यात दगावतात. नळाच्या पाण्यात टीसीएल असते, म्हणून ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच घाला. पाणी ३० अंशांच्या वर गेले की त्यातला प्राणवायू घटतो. उन्हाळ्यात पेटीचे झाकण काढून जाळी लावा, बाहेरून ओले फडके गुंडाळा.

घरातले छुपे वैरी

तांब्याच्या हंड्यातले किंवा बंबातले पाणी पेटीत घालू नका. तांबे झिंग्यांना फार बाधते. मोरचुदाची बादली तर पेटीच्या आसपासही नको. डासांची अगरबत्ती आणि फवारा पेटीच्या खोलीत वापरू नका. औषध फवारलेल्या शेताजवळच्या विहिरीचे पाणी पावसाळ्यात टाळा. आणि हौस फिटली म्हणून झिंगे किंवा वेली ओढ्यात सोडू नका. जलपर्णीही आपल्या देशात शोभेची म्हणूनच आली होती. आज तिने किती तळी गिळली ते आपण पाहतो.

आता पुन्हा आप्पांकडे येतो. निघताना त्यांच्या घरातून दोन वर्षांची नात रांगत-धावत आली. आप्पांनी तिला उचलायला हात पुढे केले आणि मध्येच थांबवले. काही बोलले नाहीत. उठून मोरीकडे गेले आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन आले.

बंधूंनो, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उघडी पडली, ते आपण विसरलेलो नाही. हातमोजे, तोंडाला मुखपट्टी, वाऱ्याच्या दिशेनेच फवारणी, हे मी दरसाल सांगतो. पण घरी आल्यावरचे तितकेच महत्त्वाचे. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, वेगळे धुवा. साबणाने अंघोळ केल्याशिवाय भाकरीला, पाण्याच्या हंड्याला आणि लेकराला हात लावू नका.

झिंगा एका रात्रीत मरतो, म्हणून आपल्याला कळते. माणसाच्या अंगात थोडे थोडे जाणारे विष असे लगेच दिसत नाही.

आप्पांच्या घरी आता नवे झिंगे आले आहेत. पेटीशेजारी मुलाने साबणाची वडी ठेवली आहे.