वकीलसाहेबांचा बर्गर

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी रोज दुपारी दोन वाजता कोर्ट भरते. न्यायाधीश, वकील, आरोपी, साक्षीदार ही सारी मंडळी आमच्या नातीच्या हातातल्या वीतभर पडद्यावर हजर होतात आणि मग ती एकटीच 'ऑब्जेक्शन!' म्हणून अशी काही किंचाळते, की स्वयंपाकघरात सोऱ्या फिरवणारा हात जागच्या जागी थांबतो. परवा मीही चष्मा पुसला आणि प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसलो.

पडद्यावर निळ्या सुटातला एक तरुण वकील होता. नाव फिनिक्स राइट. त्याच्या शेजारी डोक्यावर गाठ बांधलेली, जपानी धाटणीचा झगा घातलेली आणि गळ्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा मणी अडकवलेली माया नावाची मुलगी.

"ही कुठली गं?" मी विचारले.

"लॉस एंजेलिसच्या जवळची. तिचं गाव डोंगरात आहे. तिथल्या बायकांच्या अंगात मेलेली माणसं येतात."

"अमेरिकेत?"

"आजोबा, मध्ये मध्ये बोलू नका. तिला भूक लागलीय. बर्गर हवाय तिला."

मी गप्प बसलो खरा, पण मनातला वकील काही गप्प बसेना. बर्गर मागणाऱ्या या पोरीचा पेहराव जपानी, अंगात येणे जपानी, गावही जपानी; मग हिचा पत्ता तेवढा अमेरिकेचा कसा? चौकशी केली तेव्हा सारा उलगडा झाला. वाचकहो, आमचे वकीलसाहेब मूळचे जपानचे. कॅपकॉम कंपनीने 2001 साली हा खेळ तिकडे काढला, तेव्हा त्यांचे नाव होते रयुइची नारुहोदो, आणि मायाचा जीव बर्गरवर नव्हे, तर रामेन नावाच्या रसदार शेवयांवर होता. 2005 साली ही जोडी अमेरिकेला निघाली. जाताना नाव बदलले, गाव बदलले, आणि ताटातले अन्नसुद्धा बदलले.

यातले नाव बदलले त्याबद्दल माझी तक्रार नाही. 'नारुहोदो' म्हणजे जपानीत 'अस्सं होय!' एखादी गोष्ट डोक्यात लख्खकन उजाडली की तिकडचा माणूस हे म्हणतो. वकिलाचे आडनावच 'अस्सं होय' असले म्हणजे कोर्टात काय गंमत होत असेल! ती गंमत तशीच उचलून इंग्रजीत ठेवता येत नाही. म्हणून भाषांतरकारांनी 'राइट' हे आडनाव शोधले. कानाला ते 'बरोबर' असे ऐकू येते आणि कोटीला जागा राहते. याला म्हणतात कसब. आपल्याकडे देवलांनी अथेल्लोचा 'झुंझारराव' केला, तेव्हा त्यांना कोणी नावे ठेवली नाहीत.

पण देवलांनी सगळे बिऱ्हाडच हलवले. इथे मात्र माणसे हलवली आणि सामान तिथेच राहिले. पहिल्या खेळात हे खपून गेले. पुढे मालिका वाढली, तसे मूळ लेखकांचे जपान अधिकच उघडे पडू लागले. देवळे आली, मंत्रतंत्र आले, 2013 च्या खेळात तर भुताखेतांच्या दंतकथांवर जगणारे एक अख्खे खेडे आले. आणि भाषांतरकार बिचारे दर वेळी हे सारे कॅलिफोर्नियातच आहे म्हणून शपथेवर सांगत राहिले. त्यात पहिल्या खेळातल्या त्या लॉस एंजेलिसच्या कोर्टात खुनाचा खटला चालतो, पण ज्यूरीचा पत्ता नाही! एक शेवयांचा वाडगा लपवला, आणि त्यापायी इतकी खोटी साक्ष द्यावी लागली.

जपानी खेळांच्या परदेशगमनाचा सारा इतिहास अशा लपवाछपवीने भरलेला आहे. 1980 सालचा तो पिवळा खादाड गोळा जपानात 'पकमॅन' होता. इंग्रजी 'पी' या अक्षराची एक कड कोणा वात्रटाने खरवडली, तर भलताच शब्द होईल या भीतीने अमेरिकेत त्याचा 'पॅकमॅन' झाला. ही भीती मात्र मी समजू शकतो. आमच्या गल्लीतल्या पाट्यांची पोरांनी काय दशा केली आहे ती मी रोज पाहतो. मारिओचा 1986 सालचा दुसरा खेळ अमेरिकन पोरांना फार कठीण जाईल म्हणून तिकडे पाठवलाच नाही. त्याऐवजी दुसऱ्याच एका जपानी खेळातली पात्रे पुसून तिथे मारिओमंडळी बसवली आणि 1988 साली तोच 'दुसरा मारिओ' म्हणून विकला. किर्बी नावाचे एक गुलाबी, गोबरे, हसरे बाळ आहे. अमेरिकेतल्या कितीतरी वेष्टनांवर त्याच्या भुवया वाकड्या करून त्याला रागावलेले दाखवले. हसरे बाळ अमेरिकन मुलगे विकत घेणार नाहीत असा हिशेब! आणि पोकेमॉनच्या चित्रमालिकेत तर पात्राच्या हातात स्वच्छ पांढऱ्या भाताचा त्रिकोणी मुटका, त्याला समुद्रशेवाळाची पट्टी, आणि तोंडी वाक्य काय? हे जेली भरलेले डोनट आहेत!

या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात येते. गिऱ्हाइकाने तोंड उघडण्याआधीच दुकानदार त्याच्या वतीने 'आवडत नाही' म्हणून मोकळा होतो. भात नको असे त्या मुलांपैकी कोणी म्हटले होते?

पुरावा हवा असेल, तर सेगा कंपनीच्या एका मालिकेचा दाखला देतो. तिचे जपानी नाव 'रयू गा गोतोकू', म्हणजे 'ड्रॅगनसारखा'. तोक्योच्या काबुकिचो या वस्तीवरून बेतलेली एक काल्पनिक वस्ती, आणि तिथल्या गुंडांच्या टोळ्यांतला एक सच्च्या दिलाचा माणूस. 2005 साली ती जपानात आली आणि पुढच्याच वर्षी 'याकुझा' या नावाने अमेरिकेत गेली. तिथल्या लोकांना परके वाटू नये म्हणून संवाद इंग्रजीत करून घेतले, हॉलिवुडचे नामांकित नट आणले, मार्क हॅमिलसारखा 'स्टार वॉर्स'चा नायकही आणला. एवढा थाट करून खेळ फारसा चालला नाही. मग दुसऱ्या भागाला मूळ जपानी आवाजच ठेवले आणि खाली इंग्रजी ओळी दिल्या. तिसऱ्या भागाच्या वेळी, 2010 साली, पुन्हा कात्री चालली. शोगी हे जपानी बुद्धिबळ, माजोंग, प्रश्नमंजूषा, असे बरेच काही पाश्चात्त्यांना रुचणार नाही म्हणून गाळले. त्यावर तक्रार कोणी केली असेल? त्या पाश्चात्त्यांनीच! 'आम्हांला जपान हवे म्हणून तर आम्ही हा खेळ घेतो, आणि तुम्ही नेमके जपानच काढून घेता,' असा त्यांचा सूर होता. पुढे गाळलेले बरेचसे परत आले. 2017 साली या मालिकेचा एक भाग इंग्रजीत गेला, तो जपानी आवाजांसह, जपानी गल्ल्यांसह, जपानी खाणावळींसह; आणि तोच तिकडे गाजला. 2022 साली कंपनीने मालिकेचे इंग्रजी नावही बदलले. नवे नाव काय? 'ड्रॅगनसारखा'! सोळा वर्षांची प्रदक्षिणा घालून स्वारी आपल्याच दारी आली.

आमच्या वकीलसाहेबांच्या घराण्यातही असेच घडले. त्यांचे एक पूर्वज रयुनोसुके नारुहोदो. मेजी काळातला जपान आणि व्हिक्टोरिया राणीचे लंडन यांत त्यांची कथा घडते. 2015 साली ती जपानात आली, पण इतकी जपानी गोष्ट पश्चिमेला कशी पचणार, असे सगळे धरूनच चालले होते. अखेर 2021 साली ती गेली आणि नारुहोदो हे आडनाव जसेच्या तसे घेऊन गेली. गंमत पाहा, त्या कथेत नाव बदलावे लागले ते शेरलॉक होम्सचे! हक्कांच्या भानगडीमुळे तो इंग्रजीत 'हर्लॉक शोम्स' झाला. जपानी माणूस आपल्या नावाने लंडनला गेला आणि लंडनच्या माणसाला आपल्याच भाषेत नाव लपवावे लागले.

हे सारे मी नातीला मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने मान वर न करता ऐकले आणि आपला पुरावा सादर केला.

"डोरेमॉनमधला नोबिता आम्हांला कुठं कठीण गेला? तो हिंदी बोलतो, पण नाव नोबिताच आहे."

साक्ष बिनतोड होती. 2014 साली अमेरिकेत गेलेल्या डोरेमॉनमध्ये नोबिताचा 'नोबी' झाला, शिझुकाची 'सू' झाली, येनचे डॉलर झाले आणि काड्यांच्या जागी काटे आले. आमच्याकडच्या पोरांनी मात्र नोबिताला नोबिता म्हणूनच घरात घेतले. त्यांना तो परका आहे, हे कोणी आधी सांगून ठेवले नव्हते एवढेच.

"मग मायानं बर्गरऐवजी रामेन मागितलं असतं, तर तुला कळलं असतं?" मी उलटतपासणी केली.

"नसतं कळलं. तुम्हांला विचारलं असतं."

"मला तरी कुठं ठाऊक होतं?"

"मग दोघांनी मिळून शोधलं असतं."

माझ्याकडे यावर हरकत नव्हती. भाताला डोनट म्हणणाऱ्यांनी मुलांच्या ताटातून भात काढला हे मला कळले होते. पण एका आजोबांची आणि नातीची एक दुपारही त्यांनी काढून घेतली होती, हे मला त्या क्षणी कळले. नारुहोदो!

एवढ्यात आतून पहिला घाणा तळून झाल्याची वर्दी आली आणि कोर्टाचे कामकाज तहकूब झाले.