तुमसरचं 'पानी'

स्पीच थेरपिस्ट व्हायचं तर बीएएसएलपी करावं लागतं. तीन वर्षं कॉलेज, मग वर्षभर इंटर्नशिप. आधी सीनियरचं काम बघायचं, मग त्यांच्या नजरेखाली स्वतः पेशंट घ्यायचे. वांद्र्याची १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग संस्था हेच शिकवतेय. झकास!

पण सराव मुख्यतः शहरातल्या ओपीडीत. आता तुमसरचा पाच वर्षांचा पोरगा घ्या. घरी झाडीबोली नाहीतर पोवारी, बाजारात हिंदी. तो 'पाणी'ला 'पानी' म्हणणार, कारण झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' नाहीतच! ही बोली कधी न ऐकलेला इंटर्न याला उच्चारदोष समजेल. किंवा उलट, खरा दोष 'इकडे असंच बोलतात' म्हणून सोडून देईल. दोन्हीकडून नुकसान पोराचंच.

आपल्या आयटीत नाही का, स्वतःच्या मशीनवर छान चाललेलं सॉफ्टवेअर क्लायंटकडे जाऊन आपटतं? तसंच.

म्हणून म्हणतो, इंटर्नशिपचा किमान एक महिना तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी हवा. सोबत सीनियर हवाच, नाहीतर गावचे पेशंट म्हणजे फुकटचा सराव! आणि पहिला प्रश्न आजीला, 'तुमच्या घरी कसं बोलतात?' उपचार तिथूनच सुरू होतात.

पटतंय का?