एक बॅग युरिया, दोन वावरं

पावसाने उघाड दिली की वलगावच्या शेतकऱ्याला युरियाची घाई होते. ४५ किलोच्या बॅगेत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २१ किलो नत्र असतो. त्यातला कपाशीला किती मिळेल, हे मात्र जमीन आणि ओल ठरवतात.

पेढी नदीकाठचा हा मुलूख काळ्या जमिनीचा. तरी नदीनाल्यांलगत रेताड पट्टे असतात, उंचवट्यावर हलकी बरड. एकाच घरची दोन वावरं दोन जातींची असू शकतात; खत दोन्हीकडे सारखेच पडते.

उष्ण, ओलसर मातीत युरियाचे काही दिवसांत अमोनियम होते, मग जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. अमोनियमला चिकणमातीचे कण धरून ठेवतात. नायट्रेट पाण्यासोबत चालू लागते. रेताड जमिनीत एका जोरदार पावसात ते मुळांच्या खाली उतरते. काळ्या जमिनीत पाणी तुंबून हवा संपली, की तोच नत्र वायू होऊन उडतो. पीक दोन्हीकडे पिवळे पडते आणि दोन्हीकडे आणखी एक बॅग आणली जाते.

मृगाचा पहिला पाऊस तापलेल्या मातीवर पडला की जिवाणू एकदम कामाला लागतात आणि सेंद्रिय पदार्थातला नत्र मोकळा होतो. तेव्हा कपाशीला धड मुळेही नसतात. बरडीवर ही फुकटची कमाई पुढच्या झडीत जाते. पेरणीसोबतचा भरमसाट युरिया त्या गळतीत भरच घालतो. हलक्या जमिनीला तो थोडा थोडा, वाफशावर आणि डवरणीने मातीआड करूनच द्यावा. उघडा फेकला आणि पाऊस लांबला, तर चुनखडीच्या जमिनीत अमोनिया उडतो.

कपाशीच्या पऱ्हाटीचा भुगा मातीत मिसळा, हा सल्ला चांगला, पण अर्धा सांगितलेला. पऱ्हाटीत कर्ब भरपूर, नत्र तुटपुंजा. ती कुजवताना जिवाणू मातीतलाच नत्र काही काळ अडकवतात. म्हणून पेरणीच्या तोंडावर ताजा भुगा नको, शेणासोबत कुजवलेला हवा. बरडीला त्याहून टिकाऊ आधार तलावाच्या गाळाचा, कारण त्यातली चिकणमाती ओल आणि अमोनियम दोन्ही धरते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतला गाळ म्हणून आधी हलक्या वावरांत जायला हवा.

२०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र अशा १२ बाबी तपासल्या जातात; मातीचा पोत आणि निचरा त्यांत नाहीत. ते दोन रकाने वाढवल्याशिवाय पत्रिकेवरची खताची मात्रा बरडीला लागू पडणार नाही.