माशांची लस आणि पाण्याचे उष्णतामान

बैलाला रोग जडला की ताप भरतो, आणि त्या तापाने रोगाचा काही अंशी प्रतिकारही होतो. माशाची गोष्ट निराळी. भोवतालचे पाणी जितके उष्ण, तितकेच त्याचे शरीर उष्ण. रोगी कार्प माशाला मोकळीक मिळाली तर तो आपण होऊन उबदार पाण्याकडे जातो, असे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. परंतु उथळ तळ्यातल्या माशाला अशी निवड कोठून मिळणार? म्हणून विषाणूचा रोग शिरल्यावर मासा जगणार की मरणार, हे पुष्कळदा पाण्याचे उष्णतामानच ठरविते. लसीची मागणी करणाऱ्यांनी ही गोष्ट अद्याप पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

इस्रायलचे उदाहरण बोलके आहे. 1998 साली तेथील तळ्यांत सायप्रिनस आणि त्याचीच शोभिवंत जात कोई हे मासे मोठ्या संख्येने मरू लागले. कल्ले सडत, डोळे खोल जात. हे काम नागीण-वर्गातील एका विषाणूचे होते. साथ येई ती वसंत आणि शरद ऋतूंत, पाणी 18 ते 28 अंश सेल्सिअस असताना. उन्हाळ्यात पाणी तापले की ती थांबे, कडक थंडीतही थांबे. सुमारे 30 अंशांवर हा विषाणू वाढत नाही, असे पुढे आढळले.

त्यावरून एक युक्ती निघाली. निरोगी बोटुकली 22-23 अंशांच्या पाण्यात रोगी माशांसोबत तीन ते पाच दिवस ठेवावयाची आणि मग सुमारे महिनाभर 30 अंशांच्या पाण्यात हलवावयाची. विषाणूची वाढ खुंटे आणि माशाला प्रतिकारशक्ती येई. युक्ती नामी खरी, पण तिला लस म्हणणे योग्य नव्हे. शरीरात शिरलेला विषाणू अस्सलच असतो, तो दबून राहतो, आणि वरून धडधाकट दिसणारा मासा पुढे दुसऱ्या तळ्यात रोग नेतो. असे मासे विकणे म्हणजे शेजाऱ्याच्या पदरात निखारा बांधणेच होय.

यास्तव संशोधकांनी विषाणू प्रयोगशाळेतील पेशींवर पुनःपुन्हा वाढवून निस्तेज केला आणि त्याची जिवंत लस बनविली. मासे लसमिश्रित पाण्यात काही काळ ठेवले की पुरे, टोचण्याची गरज नाही. परंतु उष्णतामानाची अट येथेही सुटत नाही. निस्तेज विषाणूही माशाच्या अंगात थोडा वाढावा लागतो. लस देताच मासे 30 अंशांच्या पाण्यात सोडले तर ती लागू पडत नाही. उलट पाणी फार थंड असेल तर प्रतिद्रव्ये अतिशय मंद गतीने तयार होतात.

महाराष्ट्र उष्ण प्रदेश आहे, तेव्हा येथे असल्या रोगाची भीती नाही, असे मानणे धोक्याचे आहे. सायप्रिनस 1939 साली निलगिरीत आणला गेला, आणि आज तो महाराष्ट्रातील तळ्यांत रोहू, कटला, मृगळ यांच्या जोडीने वाढविला जातो. थंडीच्या महिन्यांत या तळ्यांचे पाणी विषाणूला मानवेल इतके खाली येते. शिवाय सर्वच विषाणूंना थंडावा लागतो असेही नाही. तिलापिया माशांचा विषाणू उबदार पाण्यातच माजतो. तो 2014 साली इस्रायलमध्ये ओळखला गेला आणि 2018 साली भारतातूनही त्याची नोंद प्रसिद्ध झाली.

तेव्हा लस येईल तेव्हा येवो. प्रत्येक मत्स्यतळ्यावर एक उष्णतामापक आणि एक वही आजच हवी. सकाळी आणि दुपारी, पृष्ठभागी आणि तळाशी पाणी किती अंश आहे, ते लिहावे. मासे मेले तर त्या दिवसाचा आकडा आवर्जून लिहावा. गावपातळीवरील कार्यकर्त्याने ही वही प्रत्येक भेटीत पाहावी. अशा नोंदींवाचून लस देण्याचा महिना कोणी आणि कशाच्या आधारे ठरवावयाचा? बाहेरून आणलेले सायप्रिनसचे बीज काही आठवडे वेगळे ठेवण्याची पद्धत चांगली आहे, पण ते दिवस 22 ते 25 अंशांच्या पाण्यात गेले पाहिजेत. वैशाखात, पाणी तिसाच्या वर असताना, महिनाभर वेगळे ठेवलेले बीज मेले नाही, एवढ्यावरून ते निरोगी ठरत नाही.