दंडातली पिक लाईन घरी कशी जपाल?

माझी मावशी बेळगावची. केमोथेरपीसाठी सध्या बेंगळुरूला आमच्याकडे राहते. सुया टोचून टोचून तिच्या हाताला शीरच सापडेना, तेव्हा डॉक्टरांनी दंडात पिक लाईन घातली. घरी आल्यावर ती म्हणाली, "अगं, ही नळी हृदयापर्यंत गेलीय म्हणे! मी झोपू तरी कशी?"

तुमच्या घरीही हीच भीती असेल ना? ही नळी मऊ आणि बारीक असते. तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. शीर मोठी असल्यामुळे तिखट औषध रक्तात लगेच मिसळतं, हाताच्या शिरा जळत नाहीत. १९२९ साली वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेली आणि चालत जाऊन एक्स-रे काढला! १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

बेंगळुरूचं किडवाई असो की मुंबईचं टाटा, दोन केमोंच्या मधले दिवस बरेच रुग्ण नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या खोलीत काढतात. त्या दिवसांत नळी जपायची ती आपणच.

हे लक्षात ठेवा

• नळीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा.
• पारदर्शक ड्रेसिंग साधारण दर ७ दिवसांनी नर्सकडून बदलून घ्या. ओलं झालं किंवा सुटलं, तर लगेच.
• नळी वापरात नसली तरी सलाईनने फ्लश करावी लागते, बहुधा आठवड्यातून एकदा. तारीख कॅलेंडरवर लिहा. फ्लश जात नसेल तर जोर लावू नका.
• अंघोळीला दंडावर प्लास्टिक गुंडाळा. त्या हातावर पाणी ओतू नका.
• घट्ट बाहीचा ब्लाउज, दंडाला बांधलेला ताईत नको.
• त्या हाताने बादली, सिलिंडर उचलू नका. पण हात अगदी आखडूनही ठेवू नका, हलका वापर चालू द्या.
• त्या हातावर बीपी मोजू देऊ नका.
• नळी थोडी बाहेर आली तर आत ढकलू नका. तुटली तर शरीराच्या बाजूचा भाग दुमडून घट्ट धरा आणि रुग्णालय गाठा.

सकाळपर्यंत थांबू नका

एका रात्री मावशीला हुडहुडी भरली. "पावसाची थंडी आहे गं, सकाळी बघू. तुम्हाला किती त्रास देऊ?" थर्मामीटरवर १०१ होता. आम्ही तशीच रिक्षा केली. नळीत जंतुसंसर्ग झाला होता, पण औषध वेळेत सुरू झालं.

१००.४ किंवा जास्त ताप, थंडी, दंड सुजणं, लाली, पू, धाप लागणं, यांपैकी काहीही दिसलं तर तापाची गोळी देऊन वाट पाहू नका. रुग्णालयाचा चोवीस तासांचा नंबर फ्रिजवर चिकटवा.

आणि पेशंटला आजच सांगून ठेवा: "रात्री दोनला उठवलंस तरी चालेल." आमची मावशी फक्त ते ऐकायला थांबली होती.